स्वरकुंजी

स्वरकुंजी : पाश्चात्त्य स्वरलेखनात रेषांच्या आरंभी काढले जाणारे आणि त्यांपैकी एका विशिष्ट रेषेवर कोणता स्वर आहे, हे ठरवून देणारे चिन्ह. इंग्रजीत रूढ असलेला ‘क्लेफ’ हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ ‘किल्ली’ या अर्थाच्या ‘क्लाविस’ या लॅटिन शब्दात आहे. चिन्ह लहान असले, तरी त्याच्यावाचून पुढचे सर्व लेखन मुके राहते. या चिन्हांची संख्या कशी वाढली, ती पुढे कशी घटली आणि त्या घटीमुळे जुन्या रचनांच्या वाचनात कोणते प्रश्न उभे राहिले, याचा इतिहास जवळजवळ एक हजार वर्षांचा आहे.

पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी आज पाच आडव्या, समांतर रेषा वापरतात. त्यांच्या संचाला इंग्रजीत ‘स्टाफ’ म्हणतात. येथे त्याला ‘रेषापट’ म्हटले आहे. स्वराचे चिन्ह रेषेवर किंवा दोन रेषांमधील जागेत लिहिले जाते. वर जावे तसा स्वर उंच व खाली यावे तसा नीच, एवढे रेषापट स्वतः सांगतो. परंतु कोणती रेषा कोणत्या स्वराची, हे तो सांगू शकत नाही. मधल्या रेषेवर एक टिंब काढले, तर ट्रेबल कुंजीत तो ‘बी’ स्वर होतो, आल्टो कुंजीत ‘सी’ आणि बेस कुंजीत ‘डी’. यांपैकी आल्टोचा ‘सी’ हा ट्रेबलच्या ‘बी’पेक्षा जवळजवळ एका सप्तकाने खाली आहे आणि बेसचा ‘डी’ हा त्याहूनही तितकाच खाली. टिंब तेच, जागाही तीच. बदलते ती केवळ कुंजी.

व्यवहारात तीनच अक्षरांच्या कुंज्या टिकून राहिल्या : ‘जी’, ‘सी’ आणि ‘एफ’. नागमोडी वळणाची ट्रेबल कुंजी हे ‘जी’ या अक्षराचेच अलंकृत रूप असून तिचे वेटोळे ज्या रेषेभोवती फिरते, ती ‘जी’ची रेषा होय. बेस कुंजी हे ‘एफ’ अक्षराचे रूपांतर असून तिच्यापुढील दोन टिंबे म्हणजे त्या अक्षराच्या दोन आडव्या फाट्यांचे अवशेष आहेत. त्या टिंबांमधून जाणारी रेषा ‘एफ’ची. ‘सी’ कुंजीचे रूप सर्वांत अधिक बदलत गेले. सोळाव्या शतकात ती शिडीसारखी दिसते, तर आजच्या छपाईत पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन कमानींसारखी. तिचा मध्य ज्या रेषेवर येतो, ती ‘सी’ची रेषा.

या तिन्ही कुंज्यांमधील संबंध समजून देण्यासाठी संगीतशिक्षक अकरा रेषांच्या एका ‘महापटा’ची कल्पना मांडतात. खालून चौथी रेषा ‘एफ’ची, सहावी ‘सी’ची आणि आठवी ‘जी’ची. या अकरांपैकी खालच्या पाच घेतल्या की बेस कुंजीचा पट मिळतो, वरच्या पाच घेतल्या की ट्रेबलचा. चौथीपासून आठवीपर्यंतच्या पाच रेषा म्हणजे आल्टोचा पट आणि तिसरीपासून सातवीपर्यंतच्या पाच म्हणजे टेनरचा. भिंत एकच, तिच्यातील खिडकी मात्र खाली-वर सरकते, असे म्हणता येईल. ही कल्पना समजण्यास सोयीची आहे. मात्र कुंज्यांचा उगम तिच्यातून झाला, असे जे काही पाठ्यपुस्तकांत सूचित केलेले असते, ते बरोबर नाही. कुंज्या आधी आल्या. महापट हे त्यांचे मागाहून केलेले स्पष्टीकरण आहे.

कुंजीच्या जन्माचे कारण स्वरसप्तकाच्या रचनेतच आहे. ‘सी’पासून सुरू होणाऱ्या सप्तकातील स्वरांमधली अंतरे सारखी नसतात. ‘ई’ व ‘एफ’ आणि ‘बी’ व वरचा ‘सी’ या दोन जोड्यांत अर्ध्या स्वराचे अंतर असते. इतरत्र पूर्ण स्वराचे. बिलावल थाटातील गंधार–मध्यम आणि निषाद–तार षड्ज या जोड्या आठवल्या म्हणजे ही गोष्ट मराठी वाचकाच्या ध्यानी येईल. कागदावर मात्र सर्व रेषा एकमेकींपासून सारख्याच दूर असतात. अर्धस्वर कोठे लपला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते दाखविणारी खूण हवी होती.

नवव्या शतकापासून यूरोपातील मठांमध्ये धर्मगीतांच्या शब्दांवर ‘न्यूम’ नावाची चिन्हे लिहिली जाऊ लागली. आवाज चढतो की उतरतो, एका अक्षरावर किती स्वर घ्यावयाचे, कोठे थांबावयाचे, हे ती सांगत. नेमका स्वर कोणता, हे सांगत नसत. ज्याला चाल आधीच पाठ आहे, त्याच्यासाठी ती केवळ आठवणीची खूण होती. वर्षभराच्या उपासनेतील गीतांचा सारा भांडार गुरुमुखातून पाठ करण्यात गायकांची सु. दहा वर्षे जात आणि एवढे करूनही दोन मठांतील चाली जुळतीलच, अशी खात्री नसे. पुढे चिन्हे कमीअधिक उंचीवर मांडण्याची आणि त्यासाठी चर्मपत्रावर शाईविना कोरलेल्या रेषेचा आधार घेण्याची पद्धत आली. याच सुमारास उत्तर इटलीत रचलेल्या एका संवादरूप ग्रंथात ‘ए’ ते ‘जी’ ही सात अक्षरे प्रत्येक सप्तकात पुन्हा पुन्हा योजण्याची रीत स्पष्ट मांडलेली आढळते.

या दोन धाग्यांची गाठ ग्वीदो द’आरेत्सो (सु. ९९१–१०३३ नंतर) या बेनेडिक्टाइन साधूने मारली. फेर्राराजवळील पोंपोझाच्या मठात असताना त्याने आपली नवी पद्धत बालगायकांवर अजमावली. परंतु सहकाऱ्यांचा मत्सर ओढवल्यामुळे तो आरेत्सोच्या बिशपच्या आश्रयास गेला. तेथे १०२५ नंतरच्या काही वर्षांत त्याने आपले मुख्य लेखन केले. त्याची युक्ती साधी होती. स्वरांसाठी रेषा व रेषांमधील जागा दोन्ही वापरावयाच्या, ‘एफ’ची रेषा तांबड्या रंगाने व ‘सी’ची पिवळ्या रंगाने काढावयाची, आणि रेषांच्या आरंभी ती अक्षरे लिहावयाची. ‘एफ’ आणि ‘सी’ हेच दोन स्वर त्याने का निवडले, हे वर सांगितलेल्या सप्तकरचनेवरून उघड होते. या दोहोंच्याच खाली अर्धस्वर आहे. रंगीत रेषा दिसली, की तिच्यापासून खाली उतरताना लहान पाऊल टाकावयाचे, हे गाणाऱ्या मुलाला न शिकविता कळे. कुंजीचे आद्य कार्य हे असे सावधगिरीची सूचना देण्याचे होते.

ग्वीदोला पोप एकोणिसावा जॉन (कार. १०२४–३२) याने रोमला बोलावून घेतले. त्या भेटीचे वर्णन ग्वीदोने एका पत्रात केले आहे. पोपने नव्या पद्धतीने लिहिलेले गीतपुस्तक चाळले, त्याच्या आरंभीचे नियम समजून घेतले आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून म्हणून दाखविल्याखेरीज तो जागचा उठला नाही. न ऐकलेले गीत केवळ पाहून गाता यावे, ही गोष्ट त्या काळी किती नवलाची वाटली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. गुरूची सत्ता पानावर उतरली होती. साहजिकच सर्वांनाच ती रुचली नाही.

रंगीत रेषा महाग व वेळखाऊ असल्याने पुढील दोन शतकांत मागे पडल्या, अक्षरे राहिली. अक्षरांना ‘क्लाविस’, म्हणजे किल्ल्या, म्हणण्याची पद्धत मध्ययुगीन सिद्धांतग्रंथांत सर्वत्र दिसते. ज्या थोड्या अक्षरांची खूण पानावर प्रत्यक्ष करीत, ती ‘खूण केलेली किल्ली’ म्हणून ओळखली जाई. ऑर्गनच्या पट्ट्यांवरही हीच अक्षरे लिहीत असल्यामुळे त्या पट्ट्यांनाही किल्ल्याच म्हणू लागले आणि यूरोपीय भाषांतून हा दुहेरी अर्थ आजतागायत टिकला. (मराठीत मात्र पेटीची ती ‘पट्टी’च राहिली आणि गायकाचा षड्जही तिच्यावरूनच ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असा सांगितला जाऊ लागला, दोन्ही भाषांनी वाद्याच्या अवयवावरून स्वराला नाव द्यावे, हा योगायोग लक्षणीय आहे.) ‘एफ’ आणि ‘सी’ यांच्या जोडीला ‘जी’ कुंजी नंतर आली. उंच स्वरांच्या भागांसाठी तिचा नेमाने वापर पंधराव्या शतकापासून वाढला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कुंजी ही रेषेला नाव देते. त्या नावाच्या स्वराची कंपनसंख्या ठरवीत नाही. चार रेषांवर लिहिलेल्या ग्रेगरियन धर्मगीतांत ‘सी’ किंवा ‘एफ’ कुंजी केवळ अर्धस्वराची जागा सांगते. गीत प्रत्यक्षात किती उंच पट्टीत म्हणावयाचे, ते गायकवृंदाच्या सोयीवर अवलंबून असते. बहुकंठी संगीतातही सतराव्या शतकापर्यंत ‘ए’ हा स्वर एका शहरात एक, तर दुसऱ्या शहरात दुसरा होता. कुंजीचा संबंध निश्चित उंचीशी घट्ट जोडला गेला, तो वाद्यांची जुळणी प्रमाणित होत गेल्यानंतर. मध्य-सप्तकातील ‘ए’साठी सेकंदाला ४४० कंपने हे मान तर १९३९ मधील लंडनच्या परिषदेत ठरले.

कुंजी बदलली की स्वरांतरांची सारी मांडणी बदलते, या तत्त्वाचा सर्वांत धीट उपयोग फ्लेमिश परंपरेतील योहानेस ओकेगेम (मृ. १४९७) याने केला. त्याच्या ‘मिस्सा कुयुस्व्हिस तोनी’ या उपासनागीतमालिकेच्या नावाचाच अर्थ ‘कोणत्याही स्वररीतीतील’ असा आहे. तिच्यात नेहमीच्या कुंज्याच दिलेल्या नाहीत. गायकांनी एकमताने एक कुंजी मनात धरावयाची आणि गावयाचे. दुसरी धरली, की तेच लेखन दुसऱ्या स्वररीतीत ऐकू येते. चारही कंठांच्या ओळी कोणत्याही मांडणीत एकमेकींशी सुसंवादी राहतील, अशी रचना करणे हे असामान्य बुद्धीचे काम होय. षड्ज हलवून नव्या स्वरमाला मिळविण्याच्या भारतीय मूर्च्छनेच्या कल्पनेशी याचे थोडे साम्य आहे. परंतु मूर्च्छना हा स्वरशास्त्राचा विचार आहे, तर ओकेगेमचा खेळ सर्वस्वी लेखनाचा आहे.

सोळाव्या शतकात कुंज्यांची विविधता कळसास पोहोचली. त्यामागे दोन कारणे होती. मानवी आवाजाची सहज व्याप्ती सप्तकाहून थोडी अधिक असते आणि पाच रेषांच्या पटात तेवढीच मावते. प्रत्येक कंठाला त्याच्या व्याप्तीनुसार कुंजी दिली, की सर्व स्वर रेषांच्या आत बसतात. पटाबाहेर जादा रेषा ओढाव्या लागत नाहीत. दुसरे कारण मुद्रणाचे. व्हेनिसमध्ये ओत्ताव्ह्यानो पेत्रूच्ची याने १५०१ साली बहुकंठी गीतांचा पहिला संग्रह सुट्या खिळ्यांनी छापला. त्याच्या पद्धतीत एकच कागद यंत्रातून एकाहून अधिक वेळा काढावा लागे. पॅरिसमध्ये प्येर आतेन्याँ याने १५२८ च्या सुमारास रेषांचा तुकडा आणि स्वरचिन्ह एकाच खिळ्यात ओतून छपाई स्वस्त केली. अशा छपाईत पटाबाहेरील जादा रेषा ही जुळाऱ्याची डोकेदुखी असे. तिच्यापेक्षा कुंजी एक रेषा वर किंवा खाली सरकविणे सोपे होते. त्यामुळे ‘सी’ कुंजी पहिल्या रेषेवर आली की सोप्रानो, दुसरीवर मेझो-सोप्रानो, तिसरीवर आल्टो व चौथीवर टेनर; ‘एफ’ कुंजी तिसऱ्या रेषेवर बॅरिटोन, चौथीवर बेस; आणि ‘जी’ दुसऱ्या रेषेवर, अशी व्यवस्था रूढ झाली. फ्रान्समध्ये ल्यूलीच्या (१६३२–८७) वाद्यवृंदातील व्हायोलिनांसाठी ‘जी’ कुंजी पहिल्या रेषेवर लिहीत, तर मधल्या तीन प्रकारच्या वाद्यांसाठी ‘सी’ कुंजी अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या रेषेवर. पट्ट्यांच्या वाद्यांकरिता काही इटालियन रचनाकारांनी वेगळा मार्ग धरला : कुंज्या वाढविण्याऐवजी त्यांनी रेषाच वाढविल्या. फ्रेस्कोबाल्दीच्या १६१५ साली ताम्रपटावर कोरून छापलेल्या तोक्कातांत उजव्या हातासाठी सहा आणि डाव्या हातासाठी आठ रेषा आहेत.

चार कंठांच्या गीतांत कुंज्यांचे दोन ठरीव गट दिसतात. एकात सोप्रानो, आल्टो, टेनर व बेस या कुंज्या येतात. दुसऱ्यात प्रत्येक कंठाची कुंजी अशी निवडलेली असते, की लिखित स्वर सर्वत्र उंच दिसावेत : ट्रेबल, मेझो-सोप्रानो, आल्टो आणि टेनर किंवा बॅरिटोन. या दुसऱ्या गटाला मागाहून ‘क्याव्हेत्ते’, म्हणजे छोट्या किल्ल्या, असे नाव पडले. पालेस्त्रीनाची १५६७ साली प्रसिद्ध झालेली ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ ही सुविख्यात रचना याच उंच कुंज्यांत लिहिलेली आहे. अशा रचना लिहिल्याप्रमाणे गावयाच्या नसून चार किंवा पाच स्वरांनी खाली उतरवून गावयाच्या असतात, असे जर्मन रचनाकार व सिद्धांतकार मिखाएल प्रेटोरिउस याने आपल्या ‘सिंताग्मा मूसिकुम’ या ग्रंथाच्या १६१९ च्या सुमारास निघालेल्या तिसऱ्या भागात सांगितले आहे. म्हणजे येथे कुंज्यांचा गट हीच एक मूक सूचना होती. तत्कालीन गायकाला ती शिकवावी लागत नसे. म्हणूनच ती फारशी कोठे लिहूनही ठेवलेली नाही आणि प्रथा मोडल्यावर लोकांच्या स्मरणातून गेली.

इतक्या कुंज्या शिकणे हा व्यवसायिकांच्या दृष्टीने नित्याचा अभ्यास होता. हौशी लोकांना तो जाच वाटे. हा जाच नाहीसा करण्याचा पहिला ठाम प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १६७२ साली टॉमस सामन या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या तरुण धर्मोपदेशकाने लंडनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची सूचना अशी, की सर्व कुंज्या रद्द कराव्यात, प्रत्येक पटाची खालची रेषा ‘जी’चीच मानावी, आणि पट कोणत्या सप्तकातला, एवढे सांगण्यासाठी आरंभी उंच, मध्य व नीच यांची एकेक अक्षरखूण लिहावी. म्हणजे बेस कुंजीचे वाचन येणारा माणूस जगातले कोणतेही संगीत वाचू शकेल. कल्पना कागदावर निर्दोष दिसते. परंतु दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातील रचनाकार मॅथ्यू लॉक (सु. १६२१–७७) याने तिच्यावर कडाडून हल्ला चढविला. उत्तर, प्रत्युत्तर आणि पुन्हा उत्तर असा वाद १६७३ पर्यंत चालला. संगीतप्रकाशक जॉन प्लेफर्ड यानेही लॉकच्या बाजूने लेखणी उचलली. भाषा दोन्हीकडून शिवराळ होती आणि त्यात लॉकचा हात वरचढ होता. शिव्या बाजूला काढल्या, तर त्याच्या आक्षेपाचा गाभा असा : गाण्याची ओळ सप्तकाच्या सीमेवर थांबत नाही. ती सहज वर-खाली जाते आणि सामनच्या पद्धतीत तिच्यासाठी एक तर जादा रेषा ओढाव्या लागतील किंवा ऐन ओळीत सप्तकाची खूण बदलावी लागेल. म्हणजे शिकताना वाचविलेले कष्ट प्रत्येक पानावर परत द्यावे लागतील. सामन हरला. मात्र त्याचा पक्ष अगदीच पोकळ नव्हता, हे पुढील दोन शतकांनी दाखविले.

फ्रान्समध्ये झां झाक रूसो (१७१२–७८) याने २२ ऑगस्ट १७४२ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे स्वरांसाठी अंक वापरण्याची योजना वाचली. तिच्यात रेषा नव्हत्या आणि अर्थातच कुंज्याही नव्हत्या. आकड्यांवरून चालीचा चढउतार एका दृष्टिक्षेपात डोळ्यांत भरत नाही, हा रामो याने घेतलेला आक्षेप रूसोने स्वतःच मान्य केला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर व जॉन कर्वेन यांनी घडविलेली ‘टॉनिक सोल-फा’ ही अक्षरपद्धतीही कुंजीविना चालते. मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली आणि ईशान्य भारतातील चर्चगायनात चांगली रुजली.

कुंज्या प्रत्यक्षात कमी झाल्या त्या सुधारकांमुळे नव्हे, तर पियानोमुळे. योहान झेबास्टिआन बाखने १७२२ साली स्वहस्ते लिहिलेल्या ‘वेल-टेंपर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागात उजव्या हाताची ओळ सोप्रानो कुंजीत आहे. शतकअखेरीपर्यंत पट्ट्यांच्या वाद्यांसाठी ट्रेबल आणि बेस ही जोडी पक्की झाली. पियानो मध्यमवर्गीय घरात आला आणि घरातल्या मुलीला ज्या दोन कुंज्या येतात, त्यांत जे छापता येईल ते खपू लागले. गीतांच्या प्रती, वाद्यवृंदाच्या रचनांची पियानोवरील रूपांतरे आणि हौशी गायकवृंदांसाठी निघालेल्या स्वस्त आवृत्त्या यांतून ‘सी’ कुंजी हळूहळू नाहीशी झाली. सोप्रानो व आल्टो गायिका ट्रेबलमध्ये वाचू लागल्या. टेनर गायकांसाठीही तीच कुंजी आली. फक्त तिच्याखाली आठचा लहान आकडा लिहून प्रत्यक्ष स्वर एका सप्तकाने खाली असल्याचे सुचविले जाऊ लागले. पट एक, वाचन एक, सप्तकापुरती वेगळी खूण : ही तत्त्वतः सामनचीच युक्ती होय. लॉकशी वाद हरल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी ती मागील दाराने आली.

तरीही ‘सी’ कुंजी नामशेष झालेली नाही, कारण काही वाद्यांची व्याप्ती नेमकी ट्रेबल व बेस यांच्या मधल्या पट्ट्यात पडते. व्हायोला आल्टो कुंजीत वाजवितात. चेलो, बसून व ट्रॉम्बोन यांच्या उंच भागांसाठी टेनर कुंजी लागते. चेलोच्या जुन्या संहितांत एक विलक्षण अडचण आढळते. बेथोव्हन आणि द्व्होर्झाक यांच्या काही रचनांत चेलोच्या ओळीत येणारी ट्रेबल कुंजी लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजवावयाची असते, पण तसे सांगणारी खूण नसते. हॉर्नच्या जुन्या लेखनात बेस कुंजीबाबत असाच सप्तकाचा फरक आहे. अननुभवी वादक अशा जागी फसतात आणि दोष मात्र रचनाकाराच्या माथी येतो. ताल-वाद्यांसाठी दोन उभ्या जाड रेघांची एक तटस्थ खूण वापरतात. ती कोणत्याही स्वराचे नाव सांगत नाही, म्हणून तिला कुंजी म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे.

संगीतविद्यालयांत, विशेषतः फ्रान्समध्ये, सातही कुंज्यांचे शिक्षण चालू राहिले, त्याचे कारण निराळे आहे. स्वरनामे सात आणि ट्रेबलपासून बेसपर्यंतच्या कुंज्याही सात. तेव्हा कोणत्याही रेषेवरील टिंब कुंजी बदलून हवे त्या नावाने वाचता येते. ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेटच्या ओळीत ट्रेबलच्या तिसऱ्या जागेत लिहिलेला ‘सी’ प्रत्यक्षात ‘बी फ्लॅट’ वाजतो. वाद्यवृंदाचा संचालक त्या ओळीपुढे मनातल्या मनात टेनर कुंजी ठेवतो. तिसरी जागा आता ‘बी’ची होते. कोमल स्वरांची खूण योग्य ती बदलली आणि सप्तकाचे भान ठेवले, की ओळ जशी वाजेल तशी वाचता येते. ‘ए’ क्लॅरिनेटसाठी सोप्रानो आणि ‘एफ’ हॉर्नसाठी मेझो-सोप्रानो कुंजी हेच काम करते. ज्या कुंज्यांत आज कोणी लिहीत नाही, त्या अशा रीतीने वाचनात जिवंत आहेत.

भारतात या कुंज्यांची ओळख सर्वांत आधी गोव्यात झाली. सोळाव्या शतकापासून चर्चशी जोडलेल्या शाळांतून तेथे पाश्चात्त्य संगीत शिकविले जाई आणि ‘मेस्त्र’ म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांकडून सोल्फेजचे, म्हणजे स्वरनामे उच्चारीत वाचण्याचे, पाठ करवून घेई. विसाव्या शतकात मुंबईतील बोलपटसृष्टीला वाद्यवृंद उभे करावयाचे होते, तेव्हा कागदावरून तत्काळ वाजविणारे वादक तिला प्रामुख्याने या गोमंतकीय परंपरेतून मिळाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या संयोजकांनी संगीतकाराने पेटीवर किंवा गळ्यातून सांगितलेली चाल वाद्यावाद्यांच्या ओळींत व त्या त्या कुंजीत उतरविली. हिंदुस्थानी संगीतासाठी रेषापट वापरण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स याने सांगलीच्या कृ. ब. देवल यांच्या श्रुतिविषयक संशोधनाच्या आधारे, १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा पुरस्कार केला. श्रुतींसाठी नवी चिन्हे योजता आली. अडचण कुंजीची होती. कुंजी रेषेला ठरलेले नाव देते आणि आपला षड्ज तर गायकागणिक बदलतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली व तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू देऊन भागते. तेथे कुंजीची गरजच उत्पन्न होत नाही.

जुन्या यूरोपीय संगीताचे संपादन करणाऱ्यांपुढे मात्र कुंजीचा प्रश्न आजही उभा आहे. बाखच्या समग्र रचनांच्या १८५१ ते १८९९ या काळात निघालेल्या आवृत्तीत गायनाच्या ओळी मूळ ‘सी’ कुंज्यांत छापल्या होत्या. १९५४ पासून निघू लागलेल्या नव्या आवृत्तीत त्या ट्रेबल व बेसमध्ये आणल्या गेल्या. वाचकाची सोय झाली, परंतु मूळ कुंजी ही स्वतःच एक पुरावा असते. पालेस्त्रीनाच्या रचना आधुनिक कुंज्यांत उतरविताना क्याव्हेत्तेची सूचना गळून पडली आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील अनेक गायकवृंदांनी त्या लिखित उंचीवर गायिल्या. त्यांच्या संगीताबद्दल ‘अपार्थिव’, ‘आकाशस्थ’ अशी जी विशेषणे रूढ झाली, त्यांचा काही भाग या उंचीच्या पदरात टाकावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोंतेव्हेर्दीच्या १६१० साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या सायंप्रार्थनेच्या संगीताबाबत हा प्रश्न उघड वादाचा झाला. तिच्यातील ‘लाउदा येरुसालेम’ आणि ‘मान्यिफिकात’ हे भाग उंच कुंज्यांत आहेत. इंग्लिश संचालक अँड्र्यू पॅरट याने १९८४ मधील एका निबंधात ते चार स्वरांनी उतरवून गावेत, असे प्रतिपादन केले व त्याच वर्षी तसे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध केले. मान्यिफिकातमधील कॉर्नेट व व्हायोलिन यांची इतर भागांच्या मानाने एकाएकी चढणारी उंची त्यामुळे नाहीशी होते. परंतु जो झगमगाट ऐकण्याची श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली होती, तोही जातो. पुढे बऱ्याच संचालकांनी हे मत स्वीकारले, काहींनी नाही. आता चिकित्सक आवृत्त्यांत पहिल्या ओळीच्या डावीकडे मूळ कुंजी, मूळ रेषा आणि पहिला स्वर लहान आकारात छापण्याचा प्रघात पडला आहे, म्हणजे संपादकाचा निर्णय न पटणाऱ्या गायकाला आपला निर्णय स्वतः करता येतो.